समेट महाराजांची पांढरी फरशी

सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठी, सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या रानात मांडव पडला होता आणि मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ट्रॅक्टर, पिकअप, मोटारसायकली यांनी दोन एकरांचं रान भरलं होतं. व्यासपीठावर समेट महाराज. त्यांच्या मागे लग्नाच्या हॉलमध्ये असतो तसा भलामोठा एलईडी पडदा, आणि पडद्यावर देवाचा फोटो नाही, गुरूचा नाही, तर एक फरशी. बाथरूमला बसवतात तसली, वीतभर लांबीरुंदीची, पांढरी, चकचकीत. तिच्यावर मोबाइलचा कॅमेरा रोखलेला होता.

पहिली जोडी आली. सासू आणि सून. महाराजांचा शिष्य सावळीराम याने दोघींच्या बोटांना सुई टोचली, दोन थेंब फरशीवर शेजारी शेजारी पाडले, तांब्याच्या एका लोट्यातलं पाणी आंब्याच्या पानाने त्यांवर शिंपडलं आणि दर्भाच्या काडीने सगळं एकत्र ढवळलं. क्षणभर काही झालं नाही. मग पडद्यावरचं ते लाल पाणी नासलेल्या दुधासारखं फाटलं. लाल रव्यासारखे दाणे एकीकडे, पाणी एकीकडे.

मांडवातून हाय खाल्ल्यासारखा आवाज उठला.

"बघा," महाराज माइकमध्ये कुजबुजले. माइकमध्ये कुजबुजायची त्यांची खास हातोटी होती. चार हजार लोकांतल्या प्रत्येकाला वाटायचं, हे आपल्याच कानाशी बोलताहेत. "बघा, माउली. एका चुलीवरचं खातात, एका छपराखाली झोपतात. पण आत काय चाललंय? ब्लड टू ब्लड लढाई चाललीय. तोंड खोटं बोलेल, फरशी खोटं बोलत नाही."

सासू रडायला लागली. सून रडायला लागली. दोघींना होमाभोवती तीन फेऱ्या घालायला लावल्या. मग नवी फरशी, नवे थेंब, आणि दुसऱ्या लोट्यातलं पाणी. पहिल्या लोट्यातल्या पाण्याचं नाव होतं कलहोदक, दुसऱ्यातल्याचं समेटोदक. महाराजांना संस्कृत येत नसलं तरी त्याची भीती वाटत नव्हती. या वेळी ढवळलं तर लाल रंग एकजीव, गुळगुळीत. शंख वाजला. सासू-सून गळ्यात पडल्या. मांडवाने टाळ्यांचा कडकडाट केला.

मागच्या रांगेत शुभांगी हातात छोटी वही घेऊन उभी होती. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून ती नाशिक रोडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती आणि इतर कामांबरोबर रोज तीस-चाळीस जणांचे रक्तगट तपासत होती. पांढरी फरशी, रक्ताचा थेंब, त्यात दुसरा एक थेंब, काडीने ढवळणं, दाणे पडणं. हा चमत्कार ती सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत करायची आणि मधे डबा खायची. आजवर कोणी तिच्या पाया पडलं नव्हतं.

रविवारची सुटी मोडून ती इथे आली होती ती आईच्या फोनमुळे. "पुढच्या रविवारी आपला नंबर लागलाय," आई म्हणाली होती, "तुझ्या दादाचा आणि माझा."

दादा म्हणजे जयराम. दिंडोरी तालुक्यात द्राक्षाचं कलम बांधावं तर जयरामनेच, असं बागाईतदार म्हणायचे. डॉगरीज या रानद्राक्षाच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाची काडी बसवून तो पट्टी गुंडाळायचा तेव्हा शंभरातली पंच्याण्णव कलमं फुटायची. सत्ताविसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आईने, भागीबाईंनी, स्वतःची एक दिली. त्याला दोन वर्षं झाली. किडनी छान चालली होती. फक्त रोज सकाळी आठ आणि रात्री आठ, जन्मभर, गोळ्या.

महाराज नेमके त्या गोळ्यांवर घसरले होते.

"कुणाला आईने किडनी दिली, कुणाला बायकोने. डॉक्टर काय म्हणतो? म्हणतो, शरीर तिला परकं समजतं. अरे, आईचा अवयव लेकराला परका?" इथे महाराजांनी डोळे पुसले. "तुम्ही द्राक्षवाले आहात. मला सांगा, कलम लागलं की पट्टी ठेवता का सोडता?"

"सोडतो," मांडव एका आवाजात म्हणाला.

"मग डॉक्टर तुमची पट्टी जन्मभर का सोडत नाही? आधी ब्लड टू ब्लड समेट करा. मग गोळ्या होमात टाका."

टाळ्या पडल्या. समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यभर कलमं बांधली होती. हा दृष्टांत त्यांच्या अंगणातून उचलून त्यांनाच परत दिला होता.

शुभांगीने वहीत पाहिलं. सकाळपासून तेवीस जोड्या आणि पहिल्या फरशीवर तेवीस वेळा दाणे. एकही जोडी आधीच मिळालेली निघाली नव्हती. माय-लेकी नाहीत, भाऊ-भाऊ नाहीत. आणि चोविसावी जोडी आली ती पाहून तिने पेन खाली केलं. शेताच्या वाटणीवरून भांडलेले दोन जुळे भाऊ. नाक, डोळे, भुवयांतला भोवरासुद्धा तोच. एका अंड्यातून फुटलेल्या अशा दोघांचं रक्त एकमेकांत मिसळलं तर काही म्हणता काही होत नाही. होऊच शकत नाही.

फरशीवर दाणे पडले.

"सख्ख्या भावांत एवढा कलह," महाराज कुजबुजले.

म्हणजे कलह रक्तात नव्हता, लोट्यात होता.

ती मांडवाला वळसा घालून मागे गेली. तिथे नळावर एक म्हातारी बाई फरश्या घासत बसली होती. नाव नवसाबाई. शेजारच्याच वस्तीवरची, रोजाने धुणीभांडी करणारी.

"मावशी, फरशी विसळू लागू का?"

"लाग की. माझं कंबरडं मोडलंय." नवसाबाईंनी तिला न्याहाळलं. "कोनाशी भांडून आलीस? नवऱ्याशी?"

"लग्न नाही झालं अजून."

"मग कशाला आलीस बाई, आधी भांडन तरी मिळव."

शुभांगीला हसू आलं. नवसाबाईंच्या शेजारी एक पातेलं होतं. त्यात राजमा भिजत पडला होता, टरारून फुगलेला, लाल. पाण्यावर बारीक फेस.

"आज भंडाऱ्याला राजमा का?"

"कुठला आलाय. भंडाऱ्याला खिचडी. ह्यो मी कच्चाच वाटते अन् फडक्यातून गाळून देते, जरा मीठ टाकून. महाराजांच्या पूजेला लागतो म्हनं." नवसाबाईंनी हात झटकले. "त्ये पानी प्यायचं मात्र नाय बरं. सावळीरामाची ताकीद हाय. एक जन प्याला तर दुपारपातूर वकत व्हता."

न प्यायचं तीर्थ शुभांगीने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. विसळायला आणलेल्या लोट्याच्या तळाशी चमचाभर गढूळ पाणी उरलं होतं. ते तिने पर्समधल्या बाटलीत ओतून घेतलं.

सोमवारी लॅबमधली कामं संपल्यावर तिने स्वतःच्या बोटाला टोचलं. एकच थेंब, फक्त तिचा. त्यात बाटलीतलं पाणी. अर्ध्या मिनिटात दाणे. मग लॅबमध्ये उरलेले ए, बी, एबी, ओ, चारही गटांचे नमुने घेतले. प्रत्येक एकटाच, कोणाशीही न मिसळता. चारही फाटले. मग बाजारातून राजमा आणला, रात्रभर भिजवला, वाटला, गाळला, आणि महाराजांचं कलहोदक घरच्या मिक्सरमध्ये तयार झालं. कच्च्या राजम्यात एक प्रथिन असतं. त्याला एकाहून जास्त हात असतात आणि प्रत्येक हाताने ते एकेक लाल पेशी धरून ठेवतं. पेशी कोणाची, सासूची की सुनेची, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. शिजवलं की ते मोडतं, म्हणून आपण राजमा-चावल खाऊन ओकत नाही. दुसऱ्या लोट्यात नुसतं मिठाचं पाणी असलं तरी पुरे. त्यात रक्त आहे तसंच राहतं.

शनिवारी ड्यूटी संपवून ती दिंडोरीला घरी गेली. हातपाय धुऊन सवयीने तिने फडताळातली दादाची गोळ्यांची डबी उघडली. आठवड्याचे सात कप्पे सकाळचे, सात संध्याकाळचे. सकाळचे रिकामे होत आले होते. संध्याकाळचे सगळे भरलेले.

"दादा, हे काय?"

जयराम खाटेवर बसला होता. त्याने हात मांडीखाली घेतले.

"किती दिवस?"

"बारा."

"महाराजांनी सांगितलं?"

"हळूहळू सोडायला सांगितलंय. उद्या समेट झाला की सकाळचीपण बंद." मग त्याने मांडीखालचे हात बाहेर काढून तिच्यासमोर धरले. ते कापत होते. बोटांची टोकं पिंपळाच्या पानासारखी हलत होती. "हे बघ. चाकू धरला की काडी सोडून भलतीकडेच जातो. या हंगामात मला एका बागेवरनं परत पाठवलं. म्हणाले, जया, तू बस, पोरं बांधतील. संध्याकाळची बंद केल्यापासून जरा कमी झालंय."

गोळीने हात कापतात हे तिने पुस्तकात वाचलं होतं. दादा गेली दोन वर्षं चारचौघांत खिशात हात घालून उभा राहतो, हे तिने पाहिलं होतं. या दोन गोष्टी तिने कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

तिने सिरिंज काढली, त्याचं रक्त घेतलं आणि शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवरून लॅबला धाडून दिलं. मग राजम्याची बाटली काढली.

"बोट दे." त्याच्या एकट्याच्या रक्ताचा थेंब तिने बशीत पाडला. पाणी टाकलं, काडीने ढवळलं. दाणे पडले. "बघ. तू तुझ्याशीच भांडतोयस."

जयरामने बशी बाजूला सारली. "हे तुझं पाणी. महाराजांचं वेगळं असेल."

"बरं. आता दुसरं. महाराज म्हणतात, कलम लागलं की पट्टी सोडतात. खरंय. वेलीला रक्त नाही, दादा. तिच्या अंगात गस्त घालणारं कोणी नाही. खुंटाला वाटलं तरी काडीकडे शिपाई धाडता येत नाहीत. आपल्या अंगाला ते धाडता येतात. पांढऱ्या पेशी, त्यांतल्या टी-पेशी. रक्तातून, लसिकेच्या गाठींमधून चोवीस तास फिरतात आणि भेटेल त्या पेशीवरची खूण तपासतात. खूण आपली असली तर पुढे चालू लागतात. परकी निघाली तर स्वतःच्या हजारो नकला काढतात. काही नुसता पुकारा करतात, काही थेट त्या किडनीत शिरून तिच्या नळ्यांच्या भिंती पोखरतात. तुझी गोळी त्यांना मारत नाही. त्यांना नकला काढू देत नाही, एवढंच. गोळी बंद, की फौज उभी."

"पण ती आईची आहे."

"आईच्या खुणांतल्या अर्ध्या तुझ्यात आल्यात. अर्ध्या बाबांच्या. आईच्या उरलेल्या अर्ध्या खुणा तुझ्या टी-पेशींना परक्याच."

भागीबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नऊ महिने माझ्या पोटात होता, तेव्हा नाही ते भांडण झालं."

हा प्रश्न इतका नेमका होता की शुभांगी क्षणभर आपण कशासाठी आलो तेच विसरली. "तेव्हा मध्ये वार असते, आई. वारेत शरीर त्या पेशींना आवरायची खास सोय करतं. कशी ते अजून पुरतं कोणाला कळलेलं नाही. किडनीला तशी सोय नसते. म्हणून गोळ्या."

"म्हणजे मी त्याला परकीच."

"पेशीला माया कळत नाही, आई. खूण कळते. तू त्याला परकी नाहीस, हेच तुला महाराजांकडून ऐकायचंय, ते मला कळतंय. पण ते सांगायला फरशी लागत नाही."

भागीबाईंनी पदराने चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. त्यात काही शिजत नव्हतं.

शेवटी जयरामच बोलला. "उद्या महाराजांच्याच फरशीवर, त्यांच्याच लोट्यातलं पाणी. आईचा थेंब टाकायचाच नाही. दोन्ही माझे. गुळगुळीत राहिलं तर महाराज खरे, मग तू मला गोळीचं नाव काढायचं नाही. फाटलं तर तिथल्या तिथे गोळी घेतो."

"आणि मग माझ्याबरोबर थेट हॉस्पिटल."

"थेट."

सकाळी निघतानाच मोबाइलवर रिपोर्ट आला. किडनी बिघडली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन जयरामचं दोन वर्षं एक पूर्णांक दोनच्या आसपास असायचं. आता एक पूर्णांक नऊ होतं. शुभांगीने त्याच्या डॉक्टरांना, डॉ. अरिबा यांना, फोन लावून सगळं सांगितलं. "आत्ता घेऊन या," त्या म्हणाल्या. "वाटेत गोळी द्या, आजचा नेहमीचा डोस. आणि महाराजांना माझा नमस्कार सांगू नका."

पण जयराम आधी मांडवात गेल्याशिवाय हॉस्पिटलला यायला तयार नव्हता. दोन तासांनी काय बिघडतं, असं तो म्हणाला. बिघडणारं बारा दिवसांपासून बिघडतच होतं.

त्यांचा नंबर सातवा होता. सावळीराम सुई घेऊन पुढे आला तेव्हा शुभांगीने पर्समधून नव्या सुयांचं पाकीट काढलं. "पेशंट आहे. संसर्ग चालत नाही. मी टोचते."

"तुम्ही मेडिकलमधल्या का? टोचा मग, आमचं काम हलकं." सावळीरामचं लक्ष कॅमेऱ्याच्या कोनाकडे होतं.

भागीबाई मध्ये उभ्या राहिल्या, हातावर पदर ओढून. पदराखालून एक बोट पुढे आलं आणि थेंब पडला. मग शेजारून दुसरं बोट आलं, दुसरा थेंब पडला. पडद्यावर फक्त बोटांची टोकं दिसत होती आणि बोटाच्या टोकाला चेहरा नसतो. दोन्ही बोटं सारखीच कापत होती. ते शुभांगीशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

आंब्याचं पान फिरलं. दर्भाची काडी फिरली. शास्त्र कितीही पक्कं असलं तरी आपल्या भावाची किडनी पणाला लागलेली असताना माणूस पुस्तकासारखा निश्चिंत राहू शकत नाही. नवसाबाईंनी आज राजमा कमी भिजवला असेल तर?

लाल पाणी फाटलं. दाणे पडले.

"बघा," महाराज कुजबुजले, "माय आणि लेक. तिने काळीज काढून द्यावं तसा अवयव काढून दिला. पण लेकाचं रक्त मायच्या रक्ताशी कसं लढतंय बघा. ब्लड टू ब्लड."

जयराम महाराजांसमोरच्या माइकपाशी गेला आणि वाकला. "महाराज, आईचं रक्त यात नाहीच. दोन्ही थेंब माझे आहेत." त्याने दोन्ही हात वर धरले. दोन्ही तर्जन्यांवर रक्ताचा टिपका होता. "डाव्याचा एक, उजव्याचा एक."

पण महाराजांचा धंदाच सावरण्याचा होता.

"मुला," ते म्हणाले, "तुझ्या आत दोन माणसं आहेत. एक श्रद्धेचा, एक संशयाचा. म्हणून तुझं रक्त स्वतःशीच लढलं. फरशी खोटं बोलत नाही."

आणि लोकांनी माना डोलावल्या. चार हजारांतल्या निदान तीन हजारांनी. शुभांगीला त्या क्षणी महाराजांपेक्षा त्या मानांचा राग जास्त आला. फाटलं तर कलह, फाटलं नाही तर समेट, एकट्याचंच फाटलं तर संशय. हरायची वाटच जिथे ठेवलेली नाही तिथे जिंकण्याला काय अर्थ, हे एकाही मानेला सुचू नये?

"मग संशय नसलेलं रक्त घेऊ," ती म्हणाली. "महाराजांचं. दोन थेंब, दोन्ही त्यांचे. नवी सुई आहे माझ्याकडे."

महाराजांनी हात मागे घेतले. "योग्याचं रक्त भूमीवर सांडलं तर दुष्काळ पडतो."

"भूमीवर कुठं," भागीबाई म्हणाल्या, "फरशीवर टाकायचंय."

त्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या. पण माइक जवळ होता. पुढच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. हसू रांगेरांगेने मागे गेलं. नळावरून फरश्या घेऊन येणाऱ्या नवसाबाई गोंधळून माइकपाशीच थांबल्या.

"मावशी," शुभांगीने विचारलं, "त्या पहिल्या लोट्यात काय असतं?"

"राजम्याचं पानी," नवसाबाई म्हणाल्या. हे कोणापासून लपवायचं असतं असं त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. "मीच तर वाटते. का गं, नासलं का आज?"

मग मात्र हसू आवरेना. गेल्या रविवारचे जुळे भाऊ दुसऱ्यांदा आले होते, कारण समेट होऊनही वाटणीचं भांडण काही मिटलं नव्हतं. त्यांतला एक उठला, म्हणाला, "माझं एकट्याचं बघा." बघितलं. फाटलं. मग एक सरपंच, एक कंडक्टर, एक नवरदेव. सगळ्यांना आपलं रक्त आपल्याशीच भांडताना पाहायचं होतं. शुभांगीच्या सुया संपल्या. महाराजांची ध्यानाची वेळ झाली आणि ते व्यासपीठामागच्या गाडीत ध्यानाला गेले. गाडी ध्यानासकट निघून गेली. पूर्वाश्रमी ते एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होते, हे पुढे पोलिसांत तक्रार दिली तेव्हा कळलं. विद्येचा काही तरी उपयोग झालाच म्हणायचा.

जाण्यापूर्वी शुभांगीने माइक घेतला. भाषण तिला येत नव्हतं. "या फरशीवर दिसतात त्या लाल पेशी," ती म्हणाली. "त्या बिचाऱ्या प्राणवायू वाहतात, कोणाशी भांडत नाहीत. दिलेली किडनी नाकारतात त्या पांढऱ्या पेशी. त्या अशा ढवळून डोळ्यांना दिसत नाहीत आणि होमाभोवती फेऱ्या घालून ऐकत नाहीत. इथे अजून कोणी गोळ्या सोडल्या असतील तर आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा. लाजू नका. आम्ही निघतो."

जयरामने मांडवातच, सगळ्यांदेखत, गोळी तोंडात टाकली. मागून पाच माणसं गाडीपर्यंत आली. त्यांतल्या चौघांच्या खिशात गोळ्यांच्या न उघडलेल्या पट्ट्या होत्या. पाचवी बाई होती. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस महिन्यापूर्वी पुन्हा सुरू झालं होतं. महाराजांनी तिला सांगितलं होतं, तुमचा समेट कच्चा राहिला.

दुसऱ्या दिवशी जयरामच्या किडनीचा केसाएवढा तुकडा सुईने काढून तपासला. डॉ. अरिबांनी त्याचं छायाचित्र संगणकावर उघडून तिघांना दाखवलं. फिकट गुलाबी नळ्या, आणि नळ्यांच्या मधे जांभळ्या ठिपक्यांचे थवेच्या थवे. काही ठिपके भिंत फोडून आत शिरलेले.

"या टी-पेशी," त्या म्हणाल्या. "बारा दिवसांत इतक्या. महिना गेला असता तर दाखवायला नळ्याच उरल्या नसत्या."

भागीबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "यातलं माझं कोणतं?"

"गुलाबी सगळं तुमचं, आजी."

त्यांनी गुलाबी नळ्यांवरून बोट फिरवलं. मग जयरामकडे वळून म्हणाल्या, "अजून बरंच उरलंय की रे."

तीन दिवस स्टेरॉइडची सलाइन चढली. गोळ्यांचा डोस रक्तातलं प्रमाण मोजून नव्याने ठरला. क्रिएटिनिन उतरलं, पण एक पूर्णांक पाचवर येऊन थांबलं. त्याखाली गेलं नाही, जाणारही नाही. पोखरलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. शिवाय भडकलेल्या टी-पेशींतल्या काही वर्षानुवर्षं आठवण धरून बसतात, म्हणून यापुढे चुकवलेली प्रत्येक गोळी पूर्वीपेक्षा महाग पडेल, असंही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

सुटी द्यायच्या दिवशी जयरामने पहिल्यांदा हात पुढे केले. "मॅडम, हे कापतात."

"कधीपासून?"

"ऑपरेशनपासून."

"दोन वर्षं झाली, जयराम. सांगितलं का नाहीस?"

"वाटलं, सांगितलं तर तुम्ही गोळी बंद कराल आणि किडनी जाईल."

"मग बंद कोणी केली?"

डॉ. अरिबांनी गोळीचा प्रकार बदलला. दिवसभर हळूहळू विरघळणारी, एकदाच घ्यायची. कंप पूर्ण जाईलच असं नाही, पण बहुतेकांचा कमी होतो, असं त्या म्हणाल्या. तीन ओळींची चिठ्ठी. एवढ्यासाठी एका माणसाने आईची किडनी राजम्याच्या पाण्यावर लावली होती.

महाराजांना कोणी अडवलेलं नाही. तक्रारीचा तपास चालू आहे म्हणतात, आणि महाराजही चालू आहेत. हल्ली ते दुसऱ्या जिल्ह्यात गुडघे बरे करतात. फरशी गेली, दुसरं काहीतरी आलं असेल. त्यांना नवं काही शोधायला फारसा वेळ लागत नाही, कारण मांडवात बसलेले आपण जुन्याचंच काय झालं ते विचारत नाही.

तेव्हा एवढं करा. कोणी डोळ्यांसमोर चमत्कार दाखवला की हात जोडण्याआधी विचारा: हे खोटं असतं तर काय दिसलं असतं? तेवीसच्या तेवीस वेळा एकच दिसत असेल तर ते काहीच दाखवत नाही. एकट्या माणसाचं रक्त टाकून बघू द्या म्हणा. लोटा बदलू द्या म्हणा. औषधाचा त्रास होत असेल तर तो औषध देणाऱ्यालाच सांगा, त्याला राग आला तरी सांगा. आणि जो माणूस तुम्हाला हा प्रश्न विचारूच देत नाही, तो कितीही गोड कुजबुजला, तरी त्याच्या सांगण्यावरून एक गोळीसुद्धा चुकवू नका.